घरातील साहित्यातून विक्रम लँडर
विज्ञान प्रदर्शनासाठी अवकाशाचा विषय घेतला की बहुतेक विद्यार्थी सूर्यमालेकडे वळतात. मात्र ती प्रमाणात दाखवणे जवळजवळ अशक्य असते, कारण सूर्य एक सेंटिमीटरचा केला तरी पृथ्वी एक मीटरहून थोडी लांब आणि नेपच्यून सुमारे ३२ मीटरवर ठेवावा लागतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ चा विक्रम लँडर सुचवते.

त्याची लांबी व रुंदी प्रत्येकी २ मीटर आणि उंची सुमारे १.१७ मीटर आहे. एकास दहा हे प्रमाण धरले तर २० सेंटिमीटर लांब-रुंद आणि पावणेबारा सेंटिमीटर उंच खोका पुरतो, आणि त्यातून बाहेर पडून चंद्रावर फिरलेली छोटी गाडी, म्हणजे प्रज्ञान रोव्हर, सुमारे ९ सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर रुंद होतो. मापे आधी वहीत लिहावीत आणि मगच बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला कात्री लावावी.

चार पायांसाठी खराट्याचे हीर एकत्र बांधून घ्यावेत आणि तळव्यांना बाटल्यांची झाकणे लावावीत. खालच्या इंजिनांसाठी टूथपेस्टच्या नळ्यांची निमुळती झाकणे चांगली दिसतात. ती चारच लावावीत, कारण पाच इंजिने चांद्रयान-२ च्या लँडरला होती. अंगावरचा सोनेरी कागद केवळ शोभेचा नाही. खऱ्या यानावरचे ते अनेक पदरी आवरण उष्णतेपासून आणि थंडीपासून आतील यंत्रांचे रक्षण करते, हे सांगता आले पाहिजे.

सर्वांत अधिक विचार सौर पॅनेलांचा करावा. अनेक मुले ती छतावर चिकटवतात. विक्रम मात्र चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरला, जिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून विशीच्या आसपासच्या अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे पॅनेल बाजूच्या भिंतींवर हवीत, आणि प्रज्ञानचे पॅनेलही उभेच असते. गडद निळ्या कागदावर पांढऱ्या पेनाने चौकटी आखल्या की काम होते. प्रदर्शनात टॉर्च आधी वरून आणि मग टेबलालगत आडवा धरून दाखवावा. बाजूच्या भिंती उजळताना पाहिल्यावर परीक्षकांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

जमिनीसाठी कागदाचा लगदा पसरून तो ओला असतानाच निरनिराळ्या वाट्यांनी विवरे दाबावीत आणि वर चाळलेली राख भुरभुरावी; शहरात राख मिळाली नाही तर रांगोळीत थोडा काळा रंग मिसळावा. प्रज्ञानला सहा चाके असतात. चाकांसाठी घेतलेल्या झाकणांच्या कडेला जाड दोरा चिकटवला तर राखेत ठसा उमटतो, आणि खऱ्या रोव्हरच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा व इस्रोचे चिन्ह कोरलेले होते, हे सांगण्याची संधी मिळते.

पाय खोक्याला कायमचे चिकटवू नयेत. भोकांत घट्ट बसतील असे ठेवावेत, म्हणजे रिक्षातून किंवा बसमधून नेताना ते काढून वेगळे ठेवता येतात. सोबत फेव्हिकॉल आणि दोन-चार जादा हीर असू द्यावेत.