पहिलं मोठं प्रदर्शन आणि १४ ठुश्या

सांगलीत दोन-तीन हॉलमधल्या प्रदर्शनांत टेबल लावून झालंय, ओळखीच्या बायकांनी मातीचे दागिने घेतलेत, आणि आता पुण्यातल्या मोठ्या प्रदर्शनाचा फॉर्म समोर आहे. अशा ठिकाणी तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मणी कसा वळायचा ते तुम्हाला येतंच.

स्टॉलचं थोडक्यात सांगते. मंडपातल्या पांढऱ्या उजेडात भाजलेली माती निस्तेज दिसते, म्हणून पिवळसर दिवा आणि लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड न्या. आरसा गळा दिसेल एवढा मोठा हवा. प्रत्येक नगावर किंमत लिहा, कारण गर्दीत 'केवढ्याला?' विचारायला संकोचणाऱ्या पुष्कळ असतात. क्यूआर कोड छापून न्या, पण भर संध्याकाळी नेट अडकतं, तेव्हा सुटे पैसेही हवेतच. आणि माल कसा दाखवायचा ते शिकायला पैसे भरून कुठल्या वर्गाला जाऊ नका. आपल्या बाजारातल्या एखाद्या जुन्या कासारणीजवळ तासभर उभ्या राहा. ती आधी बांगडी हातात चढवते, भाव मग सांगते. मला एवढं कुठल्याच मार्गदर्शकाने शिकवलं नाही.

आता ज्यात मी अडकले ते.

आषाढ संपत आला होता. चार दिवसांच्या प्रदर्शनाचा दुसरा दिवस. मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या एका ग्रुपच्या ताई आल्या. लाल मण्यांची ठुशी गळ्याला लावून बघितली आणि म्हणाल्या, "अशाच १४ हव्यात. अगदी सारख्या. श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी कार्यक्रम आहे." हातात १७ दिवस होते. मी वहीत लिहून घेतलं, दोन हजार ॲडव्हान्स घेतला आणि आनंदाने घरी फोन केला.

हिशेब मी केला होता. एका ठुशीला ६० मणी, म्हणजे ८४०. फुटतूट धरून हजार. तासाला ५० मणी वळून, भोक पाडून होतात. रोज पाच तास बसले तरी चार दिवसांचं काम. हा हिशेब बरोबरच होता. मणी वळून झाल्यावर पुढे काय काय लागतं, ते मात्र मी धरलंच नव्हतं.

पहिली गोष्ट वाळण्याची. उन्हाळ्यात सावलीत दोन-तीन दिवसांत वाळणारा मणी श्रावणात आठवडाभरही दमट राहतो. वरून कोरडा दिसतो, पण आत ओल असते. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, ती ओल तापली की वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि मणी फुटतो. मणी गालाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे. हे मला तेव्हा माहीत होतं, तरी घाईत मी मनाची समजूत घातली की पुरे झालं.

दुसरी गोष्ट आव्याची. माझा स्वतःचा आवा नाही, मी आमच्या कुंभारकाकांकडे भाजून घेते. आषाढ-श्रावणात कुंभाराच्या घरी गणपतीचं काम असतं, हे सांगलीत वाढलेल्या मला कुणी सांगायला हवं होतं का? काका म्हणाले, "पोरी, मूर्ती सोडून आवा कधी लावू?" त्यातच कृष्णेचं पाणी चढत होतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. पाणी चाळिशीकडे सरकलं की नदीकाठची माणसं आधी सामान हलवायला घेतात, माझे मणी कोण बघणार? तरी काकांनी माझ्यासाठी शेणी लावून छोटा आवा पेटवला. तिसरा हिस्सा मणी फुटले.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि मोठ्या ऑर्डरी तिथेच घात करतात. भाजताना भरपूर हवा मिळाली तर मातीतल्या लोहामुळे मणी लाल होतो. धूर कोंडला तर तीच माती काळी पडते. म्हणजे एकाच आव्यात कडेचा मणी आणि मधला मणी वेगळा निघू शकतो. फुटलेल्यांच्या जागी मी नवे मणी वळले ते पोयट्याच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळमातीच्या, दुसऱ्या पोत्यातून. त्यांचा रंग विटकरी आला, काहींवर धुराचे डाग. शिवाय ती माती जास्त आकसली, त्यामुळे मणी बारीक झाले. एकट्या ठुशीत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. १४ जणी एका रांगेत फुगडीला उभ्या राहिल्या की लांबूनही दिसतं.

सारख्या अशा नऊच झाल्या. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी मी फोन केला. ताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता ऐनवेळी मी बायकांना काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ॲडव्हान्स परत पाठवला. हे लिहितानाही घसा दाटतो.

तर ठरावीक तारखेची, सारख्या नगांची ऑर्डर मंडपात उभ्या उभ्या घेऊ नका. नंबर घ्या, 'परवा कळवते' म्हणा. घरी येऊन सगळ्या ऑर्डरीला पुरेल एवढी एकाच पोत्यातली माती आहे का बघा, आवा कधी लागणार ते विचारा, आणि मगच पैसे घ्या. गिऱ्हाईक दोन दिवस थांबतं. नाही थांबलं तर जाऊ द्या. आणि एवढी चूक झाली तरी धंदा बुडत नाही. त्याच प्रदर्शनात तयार मालावर माझं स्टॉलभाडं आणि जाण्या-येण्याचा खर्च निघून वर थोडे उरले होते.

तुम्हाला सल्ले भरपूर मिळतील. मुंबईतल्या भुलेश्वरच्या बाजारातून तयार मणी आणून त्यात मिसळ, असं मला दोघींनी सांगितलं. करू नका. हाताने केलेलं म्हणून विकायचं तर ते हाताचंच हवं. माझं याबाबतीत दुसरं मत होणार नाही. लहान धंद्याची उद्यम नोंदणी करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, सरकारी पोर्टलवर ती मोफत होते. मात्र कानातल्याच्या आकड्यांवर पैसे वाचवू नका. स्वस्त आकड्यांतल्या निकेलने अनेकींचे कान खाजतात, चिघळतात, आणि ती बाई पुन्हा स्टॉलकडे फिरकत नाही. चांदीचं गाव हुपरी आपल्याला जवळ आहे, मी ९२.५ टक्के चांदीचे आकडे वापरते आणि तेवढी किंमत वाढवून सांगते.

त्या आव्यातले दोन मणी अजून माझ्याकडे आहेत, एक लाल, एक धुरकट. स्टॉलवर ते वाटीत ठेवलेले असतात. कुणी म्हणालं, 'अशाच दहा करून द्याल?', की आधी ते दोन्ही तिच्या हातावर ठेवते आणि सांगते, एवढा फरक पडू शकतो, चालेल का? बऱ्याच जणी मग समोरचीच तयार ठुशी उचलतात.