प्रायव्हेट जेटचा पायलट व्हायचंय? मग कलिन्याच्या बाजूला ओळखी काढा

आधी कागदाचं बघू. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचं (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) क्लास वन मेडिकल, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) म्हणजे किमान 200 तास उड्डाण, वर मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची परवानगी). हे सगळ्यांकडेच असतं, त्यावर नोकरी मिळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. एअरलाइनसारखी मोठी भरती इथे क्वचितच, एखाद्या ऑपरेटरकडे दोन-चार विमानं असतात आणि जागा निघाली की आधी ओळखीतल्यांना फोन जातो, त्यामुळे मुंबई एअरपोर्टच्या कलिना साइडला जनरल एव्हिएशनची (एअरलाइन सोडून खासगी, चार्टर विमानांची) जी दुनिया आहे तिथे आपलं तोंड माहीत असलं पाहिजे. ऑपरेशन्समध्ये, डिस्पॅचमध्ये (उड्डाणाची आखणी करणारं खातं) काम मिळालं तरी घ्या, लाजू नका. टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेलचं विमान उडवायचं ट्रेनिंग आणि परवानगी) मात्र स्वतःच्या खिशातून घाईत करू नका राव, लाखो रुपये जातात आणि त्या टाइपचं विमान उडवणारे इथे मोजकेच निघाले तर बसा बोंबलत.

लागल्यावर को-पायलट म्हणजे हमाल पण तुम्हीच! बॅगा चढवणं, केटरिंग बघणं, शेटचं जेवण जैन आहे का विचारणं, रात्री अकराला फोन की पहाटे पाचला निघायचंय. आणि केबिनमध्ये काय ऐकलं ते बायकोलाही सांगायचं नाही, तोंड सुटलं की करिअर संपलं.

कॅप्टनच्या सीटसाठी बहुतेक जेटवर 1500 तास आणि एटीपीएल (सीपीएलच्या वरचं, एअरलाइन पातळीचं लायसन्स) लागतं, पण चार्टरमध्ये तास हळू साठतात, म्हणून एटीपीएलचे पेपर आधीच पास करून ठेवा.