मागून गाडी ठोकली गेली तर: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी

सिग्नलला किंवा १०१ फ्रीवेवरच्या संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही उभे असता आणि मागचा येऊन आदळतो. दोघं खाली उतरता. बंपरवर हातभर ओरखडा दिसतो, बाकी सगळं ठीक वाटतं. समोरचा सज्जनपणे म्हणतो, इन्शुरन्सला कशाला कळवायचं, तीनशे डॉलर आत्ता देतो. गावाकडची सवय अशी की चार शब्द होतात आणि प्रकरण जागेवर मिटतं. इथे ते मिटवू नका.

कारण दिसतो तो बंपर नसतोच. ते प्लॅस्टिकचं कव्हर असतं. त्याच्या आत धक्का शोषणारा फोमचा ठोकळा, त्यामागे लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची आडवी पट्टी, त्यामागे गाडीचा मागचा पत्रा आणि मग डिकीचा तळ असतो. प्लॅस्टिक दबतं आणि पुन्हा फुगून जागेवर येतं. फोम चिरडला की तसाच राहतो, पट्टी वाकली की वाकलेलीच राहते. नव्या गाड्यांत ब्लाइंड स्पॉटचा रडार बंपरच्या कोपऱ्यांआड बसवलेला असतो. त्याची ब्रॅकेट थोडी जरी सरकली तरी शेजारच्या लेनमधली गाडी त्याला नीट दिसत नाही, आणि रडार बसवून कॅलिब्रेट करण्याचा, म्हणजे पुन्हा अचूक जुळवण्याचा, खर्च कव्हरच्या रंगकामाच्या वर जातो. तीनशे डॉलरात यातलं काहीच होत नाही.

आधी जागेवर काय करायचं ते. कोणाला लागलं असेल तर ९११. लागलं नसेल आणि गाडी चालत असेल तर हझार्ड लावून शोल्डरवर किंवा पुढच्या एक्झिटवर घ्या. मधल्या लेनमध्ये उतरून फोटो काढणं जिवावर बेतू शकतं. थांबून माहितीची देवाणघेवाण करणं मात्र कायद्याने बंधनकारक आहे. नुसतं नुकसान करून निघून गेलं तरी तो फौजदारी गुन्हा धरला जातो, आणि व्हिसावर असलेल्याला तशी नोंद परवडणारी नाही. म्हणून चूक दुसऱ्याची असली तरी नाव, लायसन्स आणि इन्शुरन्स दिल्या-घेतल्याशिवाय जागा सोडू नका.

माहिती लिहून घेण्यापेक्षा फोटो घ्या: त्याचं लायसन्स, इन्शुरन्स कार्ड, रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट. कार्डावरची तारीख जागेवरच वाचा, मुदत संपलेलं कार्ड दाखवणारे भेटतात. मग दोन्ही गाड्या एकाच चौकटीत येतील असे लांबून फोटो, नंतर जवळून, आणि त्याच्या गाडीच्या पुढच्या भागाचेही. डॅशकॅम असेल तर ती फाइल तिथेच लॉक करा, नाहीतर घरी पोचेपर्यंत तिच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. बोलताना समोरच्याची विचारपूस जरूर करा, पण 'मी जरा अचानक ब्रेक मारला' असं सहज बोलून जाऊ नका. ते वाक्य पुढे तुमच्या विरोधात वापरलं जातं.

कोणी जखमी नसेल तर पोलीस बऱ्याचदा येतच नाहीत, त्याने घाबरू नका. फ्रीवेवर हद्द हायवे पेट्रोलची, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांची. आपणहून टपकलेल्या टो ट्रकला गाडी देऊ नका. न बोलावता अपघाताच्या जागी येऊन गिऱ्हाईक मिळवायला इथे बंदी आहे, आणि असा ट्रक गाडी नेईल त्या यार्डचं भाडं रोजच्या हिशोबाने चढतं. फ्रीवेच्या ठरावीक पट्ट्यांवर गर्दीच्या वेळी फ्रीवे सर्व्हिस पेट्रोल फिरत असते. ती गाडी फुकट बाजूला काढून देते.

घरी नेण्याआधी दोन गोष्टी बघा. टेललाइट आणि ब्रेकलाइट लागतात का, आणि डिकी पूर्ण बंद होते का. डिकीचं झाकण किंवा मागचा पत्रा फटीने उघडा राहिला असेल तर पेट्रोल गाडीत एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. अशी गाडी काचा लावून चालवू नका, टो करा.

मग शांतपणे, उजेडात, डिकीतला कार्पेट उचला आणि स्टेपनीचा खड्डा बघा. तळाच्या पत्र्याला कागद चुरगळल्यासारखी सुरकुती आहे का? सांध्यांवरचं रबरी सीलंट तडकून सुटलं आहे का? मागची दारं बंद करून दार आणि मागच्या चाकावरचा पत्रा यांमधली फट डावीकडे-उजवीकडे सारखी आहे का ते बोटाने चाचपा. एका बाजूला फट वर रुंद आणि खाली अरुंद झाली असेल तर धक्का सांगाड्यापर्यंत पोचला आहे. याचे फोटो काढून ठेवा, इन्शुरन्सच्या फोटो-अंदाजात हे कधीच येत नाही.

एक सरकारी काम लोक हमखास विसरतात. कोणाला लागलं असेल किंवा कोणाचंही नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं असेल, तर चूक कोणाची हे न बघता १० दिवसांत डीएमव्हीकडे (इथलं आरटीओ) एसआर-१ हा अपघाताचा फॉर्म भरायचा असतो. पोलीस रिपोर्ट झाला म्हणून हा सुटत नाही. न भरल्यास लायसन्स निलंबित होऊ शकतं. आजच्या किमतींत बंपरचं कोणतंही काम हजाराच्या वर जातं असं धरूनच चाला.

आता पैसे कोणाकडून. भारतात आपण गाडीचं नुकसान बहुतेक स्वतःच्याच पॉलिसीतून घेतो आणि नो क्लेम बोनस जाईल म्हणून छोटं नुकसान खिशातून भरतो. तो हिशोब इथे लागू नाही. ज्याची चूक, त्याचा इन्शुरन्स भरतो, आणि मागून ठोकणाऱ्याची चूक बहुतेक वेळा तिथेच ठरते, कारण पुरेसं अंतर ठेवणं त्याचं काम. तुमची चूक नसेल तर त्या अपघातामुळे तुमचा प्रीमियम वाढवायला कॅलिफोर्नियात कायद्याने मनाई आहे. त्यामुळे स्वतःच्या कंपनीला न कळवण्यात काहीच फायदा नाही.

दोन वाटा आहेत. थेट समोरच्याच्या कंपनीकडे क्लेम केला तर डिडक्टिबल (दुरुस्तीतला तुम्ही खिशातून भरायचा ठरलेला वाटा) लागत नाही आणि गाडी दुरुस्तीत असताना भाड्याच्या गाडीचा वाजवी खर्चही मागता येतो. पण ती कंपनी आधी आपल्या ग्राहकाचं म्हणणं ऐकणार, म्हणजे वेळ जातो. तुमच्याकडे कोलिजन कव्हर, म्हणजे टक्करीत स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारं कव्हर, असेल तर स्वतःच्या कंपनीकडून काम लवकर सुरू होतं, डिडक्टिबल आधी तुम्ही भरता, आणि तुमची कंपनी समोरच्या कंपनीकडून वसुली करताना तुमचं डिडक्टिबलही मागते. समोरचा फोन उचलत नसेल, किंवा त्याची कंपनी आठवडाभर नुसती 'तपास सुरू आहे' म्हणत असेल, तर दुसरी वाट धरा.

समोरच्याची मर्यादा किती आहे हेही विचारा. कॅलिफोर्नियात मालमत्तेच्या नुकसानीचं किमान कव्हर कित्येक वर्षं फक्त ५,००० डॉलर होतं. १ जानेवारी २०२५ पासून निघणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या पॉलिसींना ते १५,००० झालं. चार गाड्या एकात एक घुसल्या तर हे १५,००० सगळ्यांत मिळून असतात. समोरच्याकडे इन्शुरन्सच नसेल तर तुमच्या पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं मालमत्ता कव्हर जास्तीत जास्त ३,५०० डॉलर देतं. नवीन गाडी घेणाऱ्याने कोलिजन वगळून प्रीमियम वाचवू नये, ते या आकड्यांमुळे.

ठोकणारी गाडी शहराची बस किंवा सरकारी ट्रक असेल तर नियमच वेगळे: त्या खात्याकडे लेखी दावा ६ महिन्यांत पोचला पाहिजे. एरवी गाडीच्या नुकसानीसाठी कोर्टात जायला ३ वर्षं आणि इजेसाठी २ वर्षं असतात.

समोरच्या कंपनीचा माणूस फोनवर जबाब रेकॉर्ड करू का विचारतो. त्याला रेकॉर्डिंग द्यायला तुम्ही बांधील नाही. घटनेचं लेखी वर्णन पाठवतो म्हणा. स्वतःच्या कंपनीला मात्र सहकार्य करावं लागतं.

शॉप तुम्ही निवडायचं. कंपनी नावं सुचवू शकते, सक्ती करू शकत नाही. फोटोंवरून आलेला पहिला अंदाज बहुधा कव्हर आणि रंगाचाच असतो. शॉपला सांगा की बंपर उतरवून आत बघा आणि मगच अंदाज द्या. आत जे निघेल त्याची वाढीव मागणी शॉप कंपनीला पाठवतं, त्याला सप्लिमेंट म्हणतात, आणि ती एकदा नाही, दोनदासुद्धा होते. अंदाजपत्रकात प्रत्येक भागापुढे तो कंपनीचा ओरिजिनल आहे, बाहेरचा आहे की भंगारातल्या गाडीचा, हे लिहिलेलं असतं. ओळ न ओळ वाचा. ब्लाइंड स्पॉट रडार आणि मागच्या कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनची ओळ नसेल तर का नाही ते विचारा. काढलेले जुने भाग परत हवे असतील तर काम सुरू होण्याआधीच लेखी सांगा.

दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराची किंमत मिळून गाडीच्या बाजारभावाच्या वर गेली तर कंपनी ती टोटल करते, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची किंमत देते. भारतातल्या आयडीव्हीसारखी आधी ठरलेली रक्कम इथे नसते, अपघाताच्या आदल्या क्षणीचा बाजारभाव काढतात. तुलनेला घेतलेल्या गाड्यांची यादी मागा: मॉडेलचा प्रकार आणि मायलेज जुळतं का बघा, नाहीतर तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती जोडून लेखी हरकत घ्या. स्वतःच्या पॉलिसीतून टोटलचे पैसे घेताना सेल्स टॅक्सही त्यात धरला गेला पाहिजे.

माणसांचं बघू. मान आणि खांदे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी आखडतात. डॉक्टरांना अपघाताची तारीख सांगून तपासणी करून घ्या. मागच्या सीटवर भारतातून आलेले आईबाबा असतील आणि ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर डोकं थोडं आपटलं असलं तरी त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या, 'काही होत नाही रे' म्हणाले तरी. हॉस्पिटलला गाडीचा अपघात असल्याचं सांगा. तुमच्या पॉलिसीत मेडपे (उपचारांचा खर्च देणारं कव्हर) असेल तर चूक कोणाची हे न बघता ते तुमच्या गाडीतल्या प्रवाशांनाही लागू होतं. आईबाबांच्या परतीच्या विमानाआधी प्रकरण संपवायची घाई करू नका, सही भारतातूनही करता येते. गाडीचे पैसे आणि इजेचे पैसे हे दोन वेगळे दावे आहेत. गाडीच्या चेकबरोबर आलेल्या कागदावर 'सर्व दावे' सोडल्याचं लिहिलं असेल तर सही थांबवा.

मुलाची कार सीट लक्षात ठेवा. अपघाताच्या वेळी मूल तिच्यात बसलं असेल तर कॅलिफोर्नियातल्या पॉलिसीने ती बदलून द्यायची असते, तडा दिसो वा न दिसो. सीटच्या लेबलचा फोटो आणि नवीन सीटची पावती जोडा.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जा. रंगाची छटा तिरक्या उन्हात तपासा, डिकी चार वेळा उघडझाक करा, रिव्हर्स टाकून सेन्सर वाजतो का बघा, टेललाइटच्या आत वाफ धरली आहे का ते पुढच्या पावसानंतर बघा. काम नीट झालं नाही असं वाटलं तर राज्याचा ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर अपघातानंतरच्या दुरुस्तीची फुकट तपासणी करून देतो. कंपनीच टाळाटाळ करत असेल तर कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे ऑनलाइन तक्रार करा: क्लेमची पोच १५ दिवसांत आणि कागदपत्रं मिळाल्यावर मंजुरी किंवा नकार ४० दिवसांत द्यायचा नियम आहे. नवी गाडी चांगली दुरुस्त होऊनही अपघाताच्या नोंदीमुळे तिची किंमत उतरते, ती घटसुद्धा समोरच्याच्या कंपनीकडे मागता येते. नकार आला तर स्मॉल क्लेम्स कोर्टात १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, आणि तो कंपनीवर नाही, ठोकणाऱ्या ड्रायव्हरच्या नावावर लावायचा असतो.