फुकटच्या चॅनलसाठी छत्री घेताय? पहिले आग्नेयेकडचं झाड बघा

मागच्या एप्रिलमध्ये नागपुरात आईसाठी डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट उपग्रह सेवेची, छत्री बसवली आणि जुलैत तीच छत्री खोलून दुसरीकडे लावावी लागली. परत पाइप, परत वायर, परत मिस्त्री. तेव्हा जे सुटलं ते कोणाचं सुटू नये म्हणून लिहितो आहे.

पहिले हे ठरवा की तुम्हाला नेमकं काय घ्यायचं आहे. गच्चीवर माशाच्या काट्यासारखा जुना अँटेना पडला असेल तर त्याला वायर जोडून आता काही मिळत नाही, जुनं ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ बंदच झालं. अँटेन्यावर दिसणारं डिजिटल दूरदर्शन २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत आलं त्यात आपल्या राज्यातलं मुंबई आणि औरंगाबाद होतं, नागपूर नव्हतं. दूरदर्शन केंद्र सेमिनरी हिल्सवर आहे म्हणून तिकडे तोंड करून काटा लावू असं आमच्या शेजारच्या काकांनाही वाटत होतं, पण नाही. आपल्याकडे फुकट म्हणजे छत्रीच. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालं तेच हे, महिन्याचं काही भरायचं नाही, आणि सह्याद्री येतं, आईला तेवढंच हवं होतं.

आता मुख्य गोष्ट, आणि ही दुकानात जायच्या आधीची आहे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, तो ९३.५ अंश पूर्वेवर आहे. नागपुरातून तो आग्नेयेला दिसतो, होकायंत्रावर साधारण १४४-१४५ अंश, आणि जमिनीपासून ६० अंश वर. म्हणजे बराच उंच. छत्रीकडे बघून हे कळत नाही, कारण या छत्र्या ऑफसेट असतात, तोंड दिसायला बरंच खाली, असं वाटतं की समोरच्या घराच्या छपराकडे बघते आहे, पण सिग्नल वरून उतरत असतो. त्यामुळे समोरची दुमजली इमारत बहुतेक वेळा आड येत नाही, आड येतो तो डोक्यावरचा छज्जा, वरच्या मजल्याची गॅलरी, आणि झाड. झाड बघा. हिशोब सोपा आहे: छत्रीपासून झाडाचं जे अंतर, त्याच्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त उंच झाड छत्रीच्या वर गेलं असेल तर ते आड येणारच. नऊ फुटांवर झाड असेल तर सोळा फूट.

मी वायर वाचवायला छत्री खालच्या गॅलरीच्या कठड्याला लावली. आग्नेयेला कंपाउंडमध्ये दोन सागवान. एप्रिलमध्ये सागाला एक पान नव्हतं, नुसते खराटे, त्यातून निळं आभाळ दिसत होतं, मी म्हटलं जागा मोकळी आहे. टीव्हीवर दिसणारा सिग्नलच्या क्वालिटीचा आकडा ७० च्या वर आला, सगळे खूश. मग पाऊस लागला आणि साग फुटला. सागाचं पान तुम्ही पाहिलंच असेल, जेवायच्या ताटाएवढं, खरखरीत, पावसात पाणी धरून लोंबतं, अशी शे-दोनशे पानं छत्रीच्या वाटेत आली. जुलैत संध्याकाळच्या बातम्या लागल्या की चित्राचे चौकोन चौकोन, मग नुसता काळा पडदा. मला वाटलं पावसानं होतं, केयू बँड आहे, म्हणजे पाण्यानं अडणाऱ्या लहरी, जोराच्या पावसात थोडा वेळ जातंच. पण ऊन पडलं तरी येईना. मी एलएनबी (छत्रीच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा) बदलला, कनेक्टर बदलले, वायर बदलली, तीन रविवार गेले. दोष पानांचा होता. म्हणून सांगतो, उन्हाळ्यात छत्री बसवत असाल तर झाड आत्ता कसं आहे ते बघू नका, ऑगस्टमध्ये कसं असेल ते बघा. साग, पळस, काटेसावर, उन्हाळ्याच्या तोंडी ही सगळी उघडी असतात. आणि झाड वाढतं, हेही धरा.

तपासायची एक चांगली युक्ती आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका या उपग्रहाच्या जागी असतो, मार्चमध्ये ११-१२ तारखेला सव्वाअकराच्या आसपास. छत्री जिथे लावायची तिथे त्या वेळी ऊन पडलं तर वाट मोकळी, सावली पडली तर जागा बदला. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं. पण मार्चमधली सावली परत तीच फसवणूक, पानं नसतात, ऑक्टोबरची सावली खरी. तोवर थांबायचं नसेल तर मोबाइलमधलं होकायंत्र घ्या, लोखंडी ग्रिल आणि कूलरपासून लांब उभे राहा, नाहीतर काटा भलतीकडे जातो.

शंका असेल तर सरळ गच्ची. वायर २० मीटर जास्त गेली तरी चालेल. मी तेच केलं शेवटी.

आता खरेदी. छत्री ६० सेंटीमीटरची पुरते, गच्चीवर जागा असेल तर ९० ची घ्या, पावसात जास्त टिकते, पण मग वाराही जास्त धरते, मे-जूनच्या वादळात हलकं स्टँड वाकतं. सेट-टॉप बॉक्स एमपेग-४ वालाच घ्या, ही चित्र पाठवायची नवी पद्धत आहे, सीताबर्डीच्या बाजारात जुन्या पद्धतीचे एमपेग-२ स्वस्तात देतील, त्यावर सगळे चॅनल दिसत नाहीत. त्याआधी टीव्हीच्या कागदावर डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचा सिग्नल टीव्हीतच घ्यायची सोय) लिहिलं आहे का बघा, असेल तर बॉक्सच लागत नाही, वायर सरळ टीव्हीत. वायर आरजी-६ जातीची, मधली तार तांब्याची. एलएनबी युनिव्हर्सल, सेटिंगमध्ये ९७५०-१०६००.

बसवताना पाइप ओळंब्यात हवा, तो वाकडा असेल तर पुढचं काहीच जुळत नाही. एलएनबी सरळ उभा नाही ठेवायचा, साधारण ३३ अंश तिरपा, क्वालिटी वाढते त्या बाजूला फिरवा. स्ट्रेंथ नाही, क्वालिटी बघा, स्ट्रेंथ तर छत्री भिंतीकडे असली तरी दिसते. एक जण वर, एक जण टीव्हीसमोर, फोन चालू. दुपारी गच्चीवर जाऊ नका.

कनेक्टरवर टेप गुंडाळा, वायरला घरात शिरायच्या आधी खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. अर्थिंग करा. नट घट्ट. क्वालिटीचा आकडा बॉक्सच्या खाली चिकटवून ठेवा, आणि जुलैत तो घसरला तर छत्रीला हात लावायच्या आधी आग्नेयेकडे वर बघा, पानं आली आहेत का.