तांब्याच्या तारेवरून डेन्सिटी ऑफ स्टेट्स आणि वाहकतेचा हिशेब कसा मांडायचा

तांब्याच्या दर घनमीटरात ८.४९ × १०^२८ मोकळे इलेक्ट्रॉन असतात. ते सगळेच धावतात असं धरलं तरी वाहकतेचं उत्तर बरोबर येतं, आणि म्हणूनच ही समजूत सुटता सुटत नाही. खोल पातळ्यांवरच्या इलेक्ट्रॉनांच्या शेजारच्या जागा भरलेल्या असतात; प्रत्यक्ष बदल घडतो तो फक्त फर्मी पातळीच्या, म्हणजे भरलेल्या पातळ्यांतल्या सर्वांत वरच्या पातळीच्या, काठावर. तिथून सुरुवात करायची तर सूत्र असं: वाहकता = प्रभाराचा वर्ग × फर्मी पातळीवरची डेन्सिटी ऑफ स्टेट्स × विसरण गुणांक. डेन्सिटी ऑफ स्टेट्स म्हणजे ऊर्जेच्या दर एककामागे, दर घनमीटरात इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या जागा; विसरण गुणांक म्हणजे इलेक्ट्रॉन टकरा घेत किती झपाट्याने पसरतात याचं माप.

आधी रोधकता मोजा. ०.५ मिमी व्यासाची तार घ्या आणि व्होल्टेजचे दोन बिंदू बरोबर १ मीटर अंतरावर ठेवा. एवढ्या तारेचा रोध जेमतेम ८६ मिलिओहम असतो. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध बहुधा याहून जास्त भरतो, त्यामुळे चार टोकांची जोडणी हवीच: बाहेरच्या टोकांतून १ अँपिअर सोडा, आतल्या टोकांवर मिलिव्होल्टमीटर लावा. मग प्रवाह उलटा करून पुन्हा वाचन घ्या आणि दोन्ही वाचनांची चिन्हं धरून वजाबाकी करून निम्मं करा. सांध्यांवरच्या तापमानातल्या फरकामुळे घुसलेलं जादा व्होल्टेज याने निघून जातं. खरी चूक व्यासात होते. तारेवरचा इनॅमलचा लेप खरवडल्याशिवाय स्क्रू गेज लावू नका. व्यास १ टक्का चुकला की रोधकता २ टक्के चुकते. तापमानही लिहून ठेवा, कारण दर अंशाला रोध सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंश सेल्सिअसला १.६८ × १०^-८ ओहम-मीटरच्या आसपास आकडा यायला हवा.

आता डेन्सिटी ऑफ स्टेट्स. मुक्त इलेक्ट्रॉन प्रतिमानात (इलेक्ट्रॉन धातूत मोकळे फिरतात असं धरणाऱ्या), दोन्ही स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या दोन्ही अवस्था धरून, ती इलेक्ट्रॉन-घनतेच्या दीडपटीला फर्मी ऊर्जेने भागून मिळते. तांब्याची फर्मी ऊर्जा, म्हणजे फर्मी पातळीची ऊर्जा, ७.० इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून उत्तर दर इलेक्ट्रॉनव्होल्टला, दर घनमीटरला १.८२ × १०^२८. इथे जूलमध्ये जाताना भागायच्या ऐवजी गुणलं, तर उत्तर तब्बल दहाच्या ३७ हून जास्त घातांनी चुकतं. त्यापेक्षा एकक तसंच ठेवा आणि प्रभाराचा वर्ग न घेता प्रभाराने एकदाच गुणा: २.९२ × १०^९. वाहकतेला, म्हणजे रोधकतेच्या व्यस्ताला (५.९५ × १०^७), याने भागा. विसरण गुणांक ०.०२०४ चौरस मीटर प्रति सेकंद येतो.

या गुणांकाची तिप्पट करून फर्मी वेगाने (फर्मी पातळीवरच्या इलेक्ट्रॉनांच्या वेगाने), म्हणजे १.५७ × १०^६ मीटर प्रति सेकंदाने, भागलं की दोन टकरींमधलं सरासरी अंतर मिळतं: सुमारे ३९ नॅनोमीटर. तांब्याचा थर या जाडीच्या जवळ आला की डेन्सिटी ऑफ स्टेट्स जवळपास तीच राहूनही रोधकता चढते, कारण पृष्ठभागावरच्या आणि कणसीमांवरच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या सांध्यांवरच्या) टकरी वाढतात.

डेन्सिटी ऑफ स्टेट्स जास्त म्हणजे वाहकता जास्त, असा निष्कर्ष मात्र काढू नका. पॅलेडियम बघा. अतिशीत तापमानाला इलेक्ट्रॉनांच्या वाट्याची विशिष्ट उष्मा फर्मी पातळीवरच्या डेन्सिटी ऑफ स्टेट्सच्या प्रमाणात असते; तिचा गुणांक तांब्यासाठी ०.६९५ आणि पॅलेडियमसाठी सुमारे ९.४ मिलिजूल प्रति मोल प्रति केल्विन-वर्ग आहे. म्हणजे तेरापटीहून जास्त. तरीही पॅलेडियमची रोधकता तांब्याच्या सहापट! भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी १९३० च्या दशकात याचं कारण मांडलं: अरुंद डी-पट्ट्यातल्या (अणूच्या डी-कक्षांपासून बनलेल्या ऊर्जापट्ट्यातल्या) या जागांतले इलेक्ट्रॉन संथ असतात, त्यांचा प्रवाहात वाटा कमी; उलट एस-कक्षांपासून आलेले वेगवान एस-इलेक्ट्रॉन टकरीनंतर त्याच जागांत जाऊन पडतात. म्हणजे हीच डेन्सिटी ऑफ स्टेट्स वाहकही पुरवते आणि टकरींना जागाही, आणि पॅलेडियममध्ये दुसरी बाजू भारी ठरते.

विशिष्ट उष्मेवरून काढलेला आकडा वरच्या सूत्रात जसाच्या तसा घालू नका. इलेक्ट्रॉन आणि जालकाच्या (अणूंच्या रचनेच्या) कंपनांच्या आंतरक्रियेमुळे तो फुगलेला असतो. तांब्यासाठी मुक्त इलेक्ट्रॉन प्रतिमान हा गुणांक ०.५०५ देतं, मोजमाप ०.६९५. या फरकात पट्ट्याच्या खऱ्या आकाराचाही वाटा आहे. वाहकतेसाठी पट्टा-रचनेच्या गणितातून आलेली, न फुगलेली डेन्सिटी ऑफ स्टेट्सच वापरा, आणि ती दर अणूमागे आहे की दर घनमीटरला, एका स्पिनची की दोन्हींची, हे तक्त्यात आधी तपासा.