कागदी लगद्याच्या टोपलीला बुरशी आणि तडे: शेवटी काय चाललं

रद्दी पेपरच्या लगद्याची टोपली वरून खडखडीत वाळायची, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतून कुबट वास, बुडाला काळे ठिपके आणि काठाला उभा तडा. मैद्याची खळ दाट केली, फेविकॉल वाढवला, कडक उन्हातही ठेवली. उन्हाने तडे वाढलेच. गौरीच्या आराशीसाठी केलेल्या चार टोपल्या टाकताना रडायचीच बाकी होते.

कारणं दोन निघाली. लगद्यात पाणी राहत होतं. आणि लगदा वाळताना आकसतो, खालचं स्टीलचं पातेलं आकसत नाही, म्हणून काठ फाटतो.

आता असं करते. पेपरचे तुकडे 24 तास भिजवून भरपूर पाण्यात मिक्सरला फिरवते. जुन्या सुती ओढणीत घट्ट पिळते. गोळा दाबला तर थेंब पडता कामा नये. चार वाट्या लगद्याला रात्रभर भिजवून वाटलेली अर्धी वाटी मेथी (आजीच्या टोपल्यांत हीच असायची) आणि दोन चमचे फेविकॉल. पालथ्या पातेल्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून जेमतेम 3 मिलिमीटरचा थर. रात्रभर पंख्याखाली.

खरी मेख पुढे आहे. बाहेरून कडक पण आतून दमट असतानाच टोपली पिशवीसकट हलकेच सोडवायची, पिशवी काढायची आणि टोपली जाळीवर ठेवायची, म्हणजे दोन्हीकडून वारा लागतो. दोन दिवसांनी दुसरा थर, तोही तसाच वाळवून. नखाने वाजवल्यावर टकटक आवाज आला तरच रंग. बद्द वाजली तर अजून एक दिवस पंखा.