गिटार घेऊन फिरणाऱ्याने मिरजेत तंबोरा कसा घ्यावा

गायकांबरोबर दौरे करणाऱ्या गिटारवाल्याला कधी ना कधी स्वतःच्या तंबोऱ्याची ओढ लागते. मलाही लागली. पहिला तंबोरा मी एका दुसऱ्याच शहरात, साउंडचेक आणि कार्यक्रम यांच्या मधल्या दोन तासांत घेतला. पॉलिश आरशासारखं, नक्षी भरगच्च. एक पावसाळा गेला आणि दांडीला पीळ पडला. त्यानंतर मिरजेला गेलो, आणि जे आधी कळायला हवं होतं ते तिथल्या सतारमेकरांच्या ओट्यावर बसून कळलं. ते इथे क्रमाने सांगतो.

आधी स्वर ठरवा

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या पट्टीचा?’ म्हणजे गायकाचा ‘सा’ कुठला. तो आला की गिटारवाला गडबडतो. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, सरकवला की पट्टी बदलते, ही आपली सवय. तंबोऱ्याचं तसं नाही. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी हे सगळं एका ठरावीक पट्टीच्या आसपास जमवलेलं असतं. त्यात एखादा स्वर वर-खाली चालतो. त्यापुढे ताणलं तर तार तुटते आणि सैल सोडलं तर आवाज फडफडतो.

म्हणून घरूनच ठरवून निघा. पुरुष गायक साधारण काळी एक ते पांढरी दोन, म्हणजे आपल्या भाषेत सी शार्प ते डी, या भागात गातात. स्त्रियांचा स्वर बहुतेक वेळा काळी चार-पाचच्या, म्हणजे जी शार्प ते ए शार्पच्या आसपास असतो. तुम्ही सर्वांत जास्त ज्यांच्याबरोबर वाजवता त्यांची पट्टी धरा. मर्दानी तंबोरा उंचीला पाचेक फूट भरतो, जनानी लहान असतो. फक्त साथीला आणि प्रवासाला हवा असेल, तर छोटी तंबुरी किंवा भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी असलेला तंबोरा मिळतो. त्याचा आवाज भोपळ्याच्या तंबोऱ्याइतका भरत नाही, हे मान्य करूनच तो घ्यावा.

एक नाही, दोन फेऱ्या धरा

मिरज हे मोठं जंक्शन आहे. मुंबई-पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्या इथून जातात, गोवा एक्सप्रेसही इथूनच लोंढ्याकडे वळते. दौऱ्यात जाताना एकदा आणि परतताना एकदा मिरज गाठणं अवघड नसतं. जाताना पाहून, ऐकून, सांगून ठेवा. येताना ताब्यात घ्या. मधल्या दिवसांत कारागीर तुमच्या पट्टीच्या तारा चढवून ठेवतो, त्या ताणून बसतात आणि तंबोरा जरा मुरतो. लाकडापासून नवा बनवून घ्यायचा असेल, तर काही आठवडे ते काही महिने लागतील. तिथे घाई करू नका. भर पावसाळ्यात तर नकोच. लाखेचं पॉलिश नीट वाळत नाही आणि दमट हवेत वाद्याचा खरा आवाज कळत नाही.

गल्लीत गेल्यावर

मिरजेतली ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. हत्यारं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या सतारमेकर म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. गावाला गाण्याचा शेजारही मोठा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुसकर इथेच त्यांच्याकडे शिकले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात. कारागिरांच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या असं गाणं पडत आलं आहे, याचा फायदा तुमच्या तंबोऱ्याला मिळतो.

पहिल्याच दुकानात पैसे काढू नका. तीन-चार ठिकाणी बसा. जिथे दुकानाच्या मागेच काम चालू आहे, लाकडाचा भुसा पडलाय, कच्चे भोपळे टांगलेत, तिथे जास्त वेळ द्या. तंबोरा पाहायला आलोय म्हटलं की चहा येतोच. तो घ्या आणि दोन तंबोरे एकाच पट्टीत लावून मागा. एकट्या तंबोऱ्याची परीक्षा होत नाही. शेजारी दुसरा छेडला की कुठला भरलेला आणि कुठला पोकळ, ते नवख्या कानालाही समजतं.

डोळ्याने आणि हाताने तपासा

भोपळ्यापासून सुरुवात करा. हे भोपळे खायचे नव्हेत, कडू जातीचे. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर भागातून येतात आणि चांगले वाळवून मगच कापले जातात. बोटाच्या पेराने सगळीकडून हलकेच टिचकी मारा. आवाज सगळीकडे सारखा हवा. मध्येच बद्द वाजला तर तिथे चीर असेल किंवा बुजवलेलं भोक असेल. रंगाच्या थराखाली ते दिसत नाही, कानालाच सापडतं.

मग दांडी. गिटारची मान पाहतो तशीच, एक डोळा मिटून खुंट्यांकडून घोडीकडे, म्हणजे खाली तारा जिच्यावर टेकतात त्या ब्रिजकडे, पाहा. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची फळी) बहुधा तुणीच्या लाकडाची असते. लाकूड किती वर्षं मुरवलंय ते विचारा. चांगला कारागीर आडपडदा न ठेवता सांगतो. दांडी भोपळ्याला मिळते तो गळा खास पाहा, कारण सगळा ताण तिथे येतो. सांध्याभोवती नवा रंग फासलेला दिसला, तर का फासलाय ते विचारा. माझ्या पहिल्या तंबोऱ्याचं दुखणं तिथेच होतं आणि मी तिकडे पाहिलंही नव्हतं.

खुंट्या फिरवून पाहा. पिळताना अडखळू नयेत आणि सोडल्यावर घसरू नयेत. नक्षीकडे सर्वांत शेवटी पाहा.

जवारी समजून घ्या, कारण तुम्ही तीच विकत घेताय

गिटारवर तार खरखरली की आपण अस्वस्थ होतो, सेटअपला धावतो. ही सवय तंबोऱ्यापुढे बाजूला ठेवावी लागते. गिटारच्या ब्रिजवर तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. थरथरणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्यातून वरचे स्वर उमलत जातात. तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढे-मागे केला की बंद असलेला आवाज एकदम उघडतो. त्या उघडण्याला जवारी लागणं म्हणतात.

जवारी आपल्यासमोर काढून, म्हणजे घोडी घासून लावून, घ्या, असं मी पुन्हा पुन्हा सांगेन. मी बसलो होतो तेव्हा साठीतले एक कारागीर मांडी घालून तंबोरा आडवा घेऊन बसले होते. तारा सैल केल्या, बाजूला सारल्या, कानशीने घोडीवरून तीन-चार हात फिरवले, पांढरी भुकटी फुंकरीने उडवली, तारा पुन्हा चढवल्या, छेडल्या. मान हलवली. पुन्हा सैल. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’ची, तार छेडली आणि ती विझायच्या ऐवजी वर चढत गेली, जणू आतून कुणी दिवा मोठा करत होतं. ते म्हणाले, ‘आता ऐका, गंधार बोलतोय.’ मी म्हटलं, ‘चाचा, गंधाराची तर तारच नाही.’ ‘नसू दे. जवारी बरोबर लागली की तो आपला आपण येतो.’

आपोआप उमटणाऱ्या या ‘ग’लाच स्वयंभू गंधार म्हणतात. चारही तारा सारख्या बोलायला हव्यात. एक झगमगते आणि दुसरी मुकी राहते, असं असेल तर ‘अजून एकदा बघा’ म्हणायला संकोच करू नका. त्यांना राग येत नाही. उलट ऐकणारं गिऱ्हाईक आलंय हे त्यांना कळतं.

छेडताना नख लावू नका. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने, बोटाच्या मांसल कडेने, दांडीच्या साधारण मध्यावर. ओढायचं नाही, कुरवाळत सोडायचं.

ट्यूनर खिशात राहू द्या

नेहमीचा मेळ प सा सा सा: पंचम, दोन जोडीच्या तारा, खर्ज. पंचम नसलेल्या रागांना, मालकंसाला वगैरे, पंचमाच्या जागी मध्यम. जोडीच्या तारा पोलादी आणि खर्ज पितळेची किंवा काशाची असते. पट्टी गाठायला ट्यूनर वापरा, त्यापुढे कान.

कारण सांगतो. काळी एकमध्ये खर्ज ६९.३ हर्ट्झवर असतो. त्याच्या पाचपट ३४६.५, तोच स्वयंभू गंधार. गिटारवर तोच गंधार म्हणजे एफ, तो मात्र ३४९.२ हर्ट्झचा, म्हणजे साधारण १४ सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे गिटारचा एक फ्रेट). पंचमात फरक फक्त दोनेक सेंटचा, पण तिथेही ट्यूनरचा हिरवा दिवा आणि खरा पंचम एक नसतात. लाटा ऐका: जोडीच्या दोन तारांमधली वूं-वूं हळूहळू मंदावत थांबली की त्या जुळल्या. बारीक फेरफार खुंटीने करू नका. घोडीच्या खालच्या बाजूला तारांत ओवलेले मणी त्यासाठीच असतात.

हे एकदा कानात बसलं की गिटारवर गायकाच्या मागे मेजर थर्ड, म्हणजे गिटारचा हा चढा गंधार, ठोकून वाजवायचा धीर होत नाही. माझं साथीचं वाजवणं त्या दिवसापासून बदललं.

घोडी कशाची आणि बिल कशाचं

घोडी हाडाची, लाकडाची की कृत्रिम, हे विचारून घ्या. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत किंवा सांबरशिंग सापडतं. दोन्हींच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे, आणि परदेश दौऱ्यात असं वाद्य कस्टममध्ये अडकू शकतं. शंका असेल तर ते वाद्य सोडून द्या. परदेशी जाणाऱ्यांनी बिलावर लाकूड आणि घोडीचं साहित्य लिहून घ्यावं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे; वाद्य मिरजेतच बनलंय ना, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. किमतीत गवसणी, जादा तारांचा संच आणि पुढची एक जवारी धरली आहे का, तेही तिथेच ठरवा. कारागिराच्या हाताचे पैसे कापायला मात्र बसू नका.

नेताना

प्रवासाआधी तारा उतरवा. अगदी लोंबत्या नकोत, पण ताण गेला पाहिजे. घोडीखाली-वर मऊ कापड द्या आणि गळ्याशी कपड्यांची घडी ठासा. कापडी गवसणी घर ते सभागृह एवढ्यापुरती ठीक. रेल्वे, बस, विमानासाठी कडक फायबरची पेटी घ्या. भोपळ्याची भिंत पातळ असते, बॅगेचा एक कोपरा लागला तरी ती तडकते. टेम्पोत स्पीकर आणि ड्रमच्या खोक्यांशेजारी ठेवू नका. उन्हात बंद गाडीत तर अजिबात नको, तापलेला सरस सुटतो. विमानात पाच फुटी तंबोऱ्याला जागा मिळेल की नाही, हे तिकीट काढण्याआधी विचारायचं असतं.

घरी आल्यावर दोन दिवस त्याला नुसतं राहू द्या, मग हळूहळू चढवा. पहिला आठवडा तारा रोज उतरतील, रोज लावा. वाजवता वाजवता तारेने घोडीवर बारीक चरे पडतात आणि वर्ष-दीड वर्षात जवारी बिघडते. त्यावर घरी कानस चालवू नका. पुढच्या दौऱ्यात मिरज कधी लागते ते पाहून त्याच कारागिराला आधी फोन करा. आपण काढलेली जवारी त्यांच्या लक्षात असते.